तलवारीचं तेलपाणी

— तेच इचारतोय मी, पाठीकडनं पुसायची का धारंकडनं? सांगितलंतंस गं, मागल्या महिन्यात बी सांगितलंतंस, त्याच्या मागल्या महिन्यात बी सांगितलंतंस – पर मिनल, तुझा सासरा साळंत दोन यत्ता बी धड गेला न्हाई, त्याच्या डोक्यात ह्या महिन्याचं त्या महिन्याला ऱ्हातंय व्हय? बस. चटईवर बस. पंखा बंद करतो, पंख्यानं ती पावडर उडती म्हणतीस तू – बघ, हे ध्यानात हाय. नको ते समदं ध्यानात ऱ्हातंय माझ्या. तुझी सासू? न्हाई घरात. सुमनताईकडं गेलीया मेथी निवडायला. आपल्या घरात मेथी पडलीया टोपलीत, ती सोडून शेजारणीची निवडतीया. का गेली ते मला इचारू नको, आपण आपली तलवार बघू.

हां, काढ. हळू काढ. म्यान डाव्या हातात, मूठ उजव्या हातात, धार – धार खाली ना? वर? बरं, वर. बघ, चुकलो. अजून लई महिनं लागणार मला. आन तू आधी वाकून नमस्कार करतीस तिला, माझा सुजित बी करायचा, मोबाइलमदल्या त्या जपानी म्हाताऱ्याचं बघून – मी म्हणायचो दसऱ्याला करतो त्यो पुरं झाला, लोखंडाला रोज रोज कशाला डोक्यावर बसवायचं. खोकं आलतं तवा आठवतं? तुझी सासू म्हणली पडद्याचा पायप आला. मी म्हणलं सुजितनं ऊस मागिवला आसंल, मोशीतली शेतं गेली, आता ऊस बी मोबाइलवरनं येत आसंल. आन आत ही बया. पोरगं चाकणच्या त्या जपानी कंपनीत काय लागलं, जपानचं येडच लागलं त्याला – घरात शिरताना वाकायला लागला, माझ्यापुढं वाकला तवा मी म्हणलं, सरळ हु, न्हाईत पैसे. आन तलवार तरी कसली – स्वस्तातली, शोभेची, धारंचा पत्ता न्हाई. मी कलिंगडावर हाणून बघितली, तर कलिंगड कापलं न्हाई, फुटलं, भिंतीपत्तर उडालं, आन तुमी दोघं नवरा-बायको पार दिवस मावळंपत्तर ते चिकट पाणी पुसत बसलाता. आन सुमनताईला मी सांगितलं, ही जपानच्या राजाची हाय, हिला आवसंला तहान लागती. बाई खरंच लिंबू घेऊन दारात उभी. त्याचं मी सरबत केलं, तिलाच पाजलं.

हसतीस. हस, हस. पुस तू, मी कापूस काढून देतो. जुनं तेल आधी काढायचं, त्याच्यावर नवं लावायचं न्हाई – व्हय, एवढं येतं मला. तसं बघितलं तर काय अवघड हाय ह्याच्यात? काय न्हाई. मोटारसायकलीच्या चैनीला जेवढं लागतं तेवढं बी न्हाई लागत. पर चैन बिचारी गंजली तरी गप ऱ्हाती, ही मातुर लई नाजूक – स्टील न्हवं आबा, म्हणलीस तू पयल्या दिवशी, भांड्याचं स्टील येगळं, हे कार्बनचं लोखंड, ह्याला पाणी चालत न्हाई, घाम चालत न्हाई, बोट चालत न्हाई. मी म्हणलं मंग हिला सून म्हणून आणायची का सासू म्हणून. आमी जलमभर मशिनीचं तेलपाणी केलं, मशिन कदी म्हणली न्हाई मला नुस्तं तेल दे, पाणी नको. आन तेल बी हिला साधं चालत न्हाई. पयल्या हिवाळ्यात मी मायेनं खोबरेल लावलं, का, तर तेल ते तेल, तुमच्या केसाला चालतं तर तिला का न्हाई – थंडीत ते थिजलं, आन तलवार बसली म्यानात अडकून. मंग काय, सुजित हिकडनं मूठ वढतोय, तू तिकडनं म्यान वढतीयास, आन मी मधी बसून शिट्टी वाजवतोय पंचासारखी. तुझी सासू म्हणली, अवो, ह्या वयात तरी गप बसा की. आन एकदम सुटली ती, तू दिवाणावर, त्यो दारात. लोळून लोळून हसत होता. त्याला उठता येईना आसा हसत होता.

असू दे. पुस.

एक बाजू त्याची होती न्हाई का – एक त्याची, एक तुझी. त्यो गेल्यापासनं त्याची बाजू मी करतो म्हणून बसतो दर खेपंला, आन करत न्हाई, तूच करतीस दोन्ही. मी निस्ता बोलतो. बोलणं बी एक कामच हाय, कंपनीत आमचा सुपरवायझर तेवढंच करायचा.

पावडर द्यू? हा घे, गोळा. लिंबाएवढा हाय, लाल कापडातला, ह्यो मला लई आवडतो – टप टप टप, जसं बाळाला अंघोळ झाल्यावर लावतात. हळू. लाटंवर हळू. ह्यी धारंजवळची नागमोडी लाट वरवरची हाय न्हाई का आपली, खऱ्या तलवारीत म्हणं ती आतनं येती, माती लावून भाजतात तवा, आन ह्यीच्यात वरनं अॅसिडनं काढल्याली – जोरात घासली का गेली. सुजितला मी म्हणलं, लेका, लाट बी नकली तुझी. तर म्हणला, आबा, नकली हाय म्हणून तर जास्ती जपायला लागती. खरी असती तर जाती कुठं. मला तवा काय कळलं न्हाई, मी आपला हं म्हणलं.

हे काय हाय पिशवीत? एवढं? दर खेपंला ती बारकी बाटली आणतीस, शिलाई मशिनच्या तेलाची, माझ्या बोटाएवढी, आन आज हे – दोन मोठ्या. आन ही कापडं, एवढी कापडं, कापून, घड्या घालून, बाळंतिणीचं सामान आणल्यावाणी. आन ह्यो डबा कशाचा? ठेव तिकडं. फ्रीजवर ठेव. पेढं आत्ता नको, मला साखर हाय. कवापासनं म्हंजे? आजपासनं हाय.

आन बाटलीला दोरा बांधलाय. लाल दोरा म्हंजे तेल, पांढरा म्हंजे घासायचं मलम – वाचता येत न्हाई मला म्हणून बांधलास व्हय. ग्वाड हाईस. पर मिनल, पुढल्या महिन्यात तू येणार असतीस, तर तूच वतलं असतंस की बाटलीतनं. दोरा कशाला बांधला असतास?

न्हाई, बोलू नको. आत्ता बोलू नको. हात चालू दे तुझा. मोबाइल कशाला काढतीस – व्हिडिओ? माझ्यासाठी? तू करतानाचा? म्हंजे मी तुला मोबाइलमधी बघून शिकू, त्या जपानी म्हाताऱ्यासारखं? ठेव त्यो खाली. मला समोर माणूस लागतं शिकवायला. मोबाइलला मी चिडवू कसं, मोबाइल काय उत्तर देतोय मला? माझ्या चेष्टेला उत्तर देणारं माणूस ह्या घरात एकच आलं आजपत्तर. सुजितला यायचं न्हाई, त्यो हसायचा निस्ता. तुझ्या सासूचं तर काय, ती पाठीत धपाटा घालती.

तुला आठवतं न्हाई का तू नवी नवी आलतीस? हळद अजून उतरली नव्हती तुझी. आमच्या कंपनीत नवीन पोरगं लागलं का आमी त्याला स्टोअरला पाठवायचो – जा, डाव्या हाताचा स्क्रू ड्रायव्हर घेऊन ये. त्यो येडा जायचा, स्टोअरवाला म्हणायचा संपला, दुसऱ्या शॉपला इचार, आसं पोरगं आख्खी भोसरी फिरून यायचं. तसं मी तुला म्हणलं, सूनबाई, कोपऱ्यावरनं डाव्या हाताचा स्क्रू ड्रायव्हर आणतीस का. शिकल्याली पोरगी, हिंजवडीत कॉम्प्युटर चालवती, बघू तरी. तू गेलीस. गपचिप गेलीस. आन आलीस ती साधाच स्क्रू ड्रायव्हर घेऊन, त्याला डाव्या अंगाला हळदीचं बोट लावल्यालं, आन माझ्या हातात देऊन म्हणतीस कशी – आबा, दुकानदार म्हणलाय उजव्या हातानं धरला तर वॉरंटी जाईल. मी, मिनल, मी तवा तुझ्या सासूला आत जाऊन सांगितलं, ही टिकती बघ आपल्या घरात. ही जात न्हाई कुठं.

तसं म्हणलो आपला. माणूस म्हणतोय कायबी.

अगं अगं, थांब. त्याला मलम लावू नको. त्यो मुठीजवळचा डाग, त्यो ऱ्हाऊ दे. गंज हाय म्हणून काय झालं, त्यो खातो तेवढा खाऊ दे. तुला ठाव हाय त्यो कसला हाय. न्हाई बोलत मी त्याच्यावर. न्हाई बोलत – पर मी बघितलंतं मिनल. तुला वाटत आसंल आबा तवा नारळ फोडत होता, आबाचं ध्यान नव्हतं. होतं माझं ध्यान. सुजित गेल्यानंतरची पयली खंडेनवमी, घरात कुणाला काय करू वाटत नव्हतं, पर हत्यारं मांडायला तर लागतात – माझा पाना मांडला, कोयता मांडला, तू तुझा लॅपटॉप आणून ठिवलास पाटावर, आन सगळ्यात मधी ही. तुझी सासू वलं कुंकू लावत आली. पान्याला लावलं, कोयत्याला लावलं, लॅपटॉपला लावलं, हिला लावलं, आन पुढं तू उभी. सवयीनं बोट उचललं तिनं तुझ्या कपाळाकडं. आन ते बोट तिथंच थांबलं हवेत. मंग फिरिवलं तिनं, आन परत हिलाच लावलं, तलवारीला. लोखंडाला दोनदा कुंकू, आन माझी सून कोरडी उभी. आन तू काय म्हणलीस? तू म्हणलीस – आई, वलं नका लावू, गंजंल ती.

दुसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता थांबली आमची कस्तुरा. पीठ तसंच हाताला. मी इचारलं काय झालं. म्हणली, लोखंडाला कळतं का वो कुंकू. मला चेष्टा करता येती फक्त, आन तवा एक बी सुचली न्हाई. म्हणून म्हणतो, त्यो डाग काढू नको. तिला दिसू दे त्यो. आन ऐक – आज सुमनताईकडं जाताना तिनं कुंकवाचा करंडा बरुबर नेलाय, पदराखाली. तिला वाटलं मी बघितलं न्हाई. मेथी निवडायला करंडा. तू जाताना तिच्या दारावरनंच जाशील, दुसरा रस्ताच न्हाई. तवा घाई करू नको, एवढंच सांगतो.

डोळं पूस. तलवारीवर पाडू नको, खारं असतं.

आता ह्यो बाकीचा गंज काढ. हे ठिपकं, हितं, आन हितं मधी. दर महिन्याला येत्यात बघ, मला बी आश्चर्य वाटतं. हवा. मोशीची हवा, इंद्रायणी जवळ, दमट. आदी एवढी नव्हती दमट, ह्या बिल्डिंगा झाल्यापासनं वारा अडला, तवापासनं… काय? हात? माझा हात कशाला पायजे तुला? सोड. अगं सोड, अंगठा काय बघतीस, अंगठा काय आज बघतीयास व्हय माझा, प्रेसखाली गेला आर्धा, बत्तीस टनाची मशिन होती, ते एक बरं झालं, अंगठा उठवायची पाळी आली का मी म्हणतो आर्धाच उठतोय, आर्धंच कर्ज द्या. लावू नको त्या ठिपक्यावर. मिनल, लावू नको म्हणतो ना – घाम हाय हाताला, डाग पडंल.

बसतोय व्हय.

बरुबर बसतोय?

आता आर्धा अंगठा मोशीत काय माझा एकट्याचाच हाय का? भोसरीपासनं चाकणपत्तर हिंड, प्रेसवरच्या दर चौथ्या माणसाचा… बरं. बरं, बघू नको आशी. हाय माझाच. तू यायची आसलीस का आदल्या आठवड्यात उठायचो, अंगठा मिठात दाबायचो आन पात्यावर लावायचो. मिठानं गंज लवकर धरतो. एक हितं, एक मधी, एक टोकाकडं, म्हंजे तुला येळ लागंल, चहा हुईल, तुझी सासू म्हणंल आता जेवूनच जा. एवढंच. चोरी तर न्हाई केली. तुझ्याच तलवारीला तुझ्याच सासऱ्यानं… हसतीस का रडतीस, एक काय ते कर.

काय म्हणलीस?

तुला ठाव होतं?

कवापासनं? पयल्या… पयल्याच महिन्यापासनं? आन तू काय बोलली न्हाईस. तू यायचीस, पिशवीतनं मलम काढायचीस, आन म्हणायचीस – आबा, हवा लई दमट झालीया हितं. आन मी मान हलवायचो. आन मला वाटायचं मी तुला फशिवतोय. हिंजवडीहून तासभर बसमधी उभी ऱ्हाऊन यायचीस गं तू, सुट्टीच्या दिवशी. माझा अंगठा पुसायला.

स्क्रू ड्रायव्हर परत आणलास तू मला. हळद लावून.

थांब, पाणी पितो. तुला बी देतो. न्हाई, उठू नको, मला येतं पाणी वतायला, तेवढं बी शिकिवणार का आता.

मिनल, खाली ती पांढरी गाडी हाय, ती त्या रणजीतचीच का? मला कसं ठाव नाव? तुझ्या आईचा फोन आलता कस्तुराला, त्याला झालं पंधरा दिवस. तुझ्या तोंडातनं यायची वाट बघत होतो, पर तू तेलाच्या बाटल्या घेऊन आलीस. बंगलोर ना? हां. आन लगीन कोर्टात. बरंय, कोर्टात बरं, वाजंत्री न्हाई, मला नाचता बी येत न्हाई आता. तू सांगायला भेत होतीस व्हय आबाला? तुला वाटलं, आबा काय बोलंल. आबा काय बोलणार. त्या पोराला तू उन्हात बसवून ठिवलंयस गाडीत, तेवढं चुकलं तुझं.

आन मी त्याला बघितलाय. व्हय. आदीच बघितलाय. आता सांगून टाकतो, न्हाई तर पोटात ऱ्हाईल. तू उन्हाळ्यात एकदा आली न्हाईस, त्याच्या पुढल्या महिन्यात बी आली न्हाईस, कामाचा लोड हाय म्हणलीस फोनवर. हितं तलवारीवर माझं तीन अंगठं पडल्यालं, गंज चढतोय, आन पुसायला माणूस न्हाई. मी काय केलं, कस्तुराला म्हणलं भोसरीला जातो दाढी करायला, आन दोन बस बदलून मारुंजीला आलो, हिंजवडीच्या अंगाला, तू ऱ्हातीस तिथं. इचारत इचारत. तुझ्या बिल्डिंगच्या गेटवर वॉचमननं नाव लिहा म्हणलं वहीत, मी म्हणलं मला लिवायला येत न्हाई, मी आपला हितं सावलीला बसतो. बसलो. सांजच्याला तू आलीस. त्यो बरुबर होता. गेटसमोर ती पाणीपुरीची गाडी, तिथं उभं ऱ्हायला तुमी, आन त्यानं काय सांगितलं तुला देव जाणं, पर तू हसलीस मिनल. आख्खी पुरी तोंडात, आन हसलीस, नाकातनं पाणी आलं तुझ्या, आन त्यानं रुमाल दिला, आन तू परत हसलीस. मी झाडाखाली बसल्यालो. माझ्याकडं बघितलं बी आसशील एकदा, म्हाताऱ्याला कोण वळखतंय.

मी तवा इचार केला, ही आमच्याकडं येती, हसती. आत्ता हसलीस तशी. चांगलं हसतीस तू, माणसाला बरं वाटावं म्हणून हसतीस. पर तसं न्हाई. ते म्यान सुटलं तवा दिवाणावर पडून हसलीतीस, त्यानंतर तसं हसताना तुला मी तिथं बघितलं, मारुंजीला, रस्त्यावर. मंग उठलो. वर आलो न्हाई. येताना बसमधी बसायला जागा मिळाली तरी बसलो न्हाई, का म्हणशील तर मला बी ठाव न्हाई.

आन घरी येऊन तलवार काढली, पार पुसली. व्हय. एकट्यानं. तुझी सासू भजनाला गेल्याली.

मंग शाना झालो का मी? न्हाई. पुढल्या महिन्यात तू येते म्हणलीस, आन मी परत मिठाचा डबा काढला. माणूस हाय मी, मिनल. कळतं म्हणून वळतंच आसं थोडंच हाय.

दे हिकडं. दे ती तलवार. न्हाई, तू बस, तू तुझी बाजू केलीस ना? झाली तुझी. ही सुजितची बाजू. जुनं तेल – काढलं. पावडर – टप टप टप, मुठीपासनं टोकापत्तर, लाटंवर हळू. मलम लावायचं ते कापसाच्या टोकाला, ठिपक्याएवढंच, आन गोल न्हाई फिरवायचं, लांबीनं, लाट जिकडं जाती तिकडं. हे बघ, निघाला. हा बी निघाला. आन ह्यो टोकाकडचा, ह्यो जुना हाय जरा, ह्याला दोनदा. निघाला. आता कापड. पाठीकडनं धरायचं – धारंकडनं न्हाई, पाठीकडनं – मुठीपासनं निघायचं आन टोकाला सोडायचं, एका दमात, कापड परत मागं आणायचं न्हाई. आन आता लाल दोरा. दोन थेंब. तिसरा नको, तिसरा म्यानात जातो आन धूळ धरतो. असं. पार पातळ, निस्ती वल दिसली पायजे, तेल न्हाई दिसलं पायजे. आन मुठीतली ही बांबूची खुंटी दाबून बघायची, ढिली असंल तर पातं हातातनं सुटतं. घट्ट हाय. धार वर. म्यानात सरकवताना पाठ टेकवून, आवाज न करता.

ऐकू आला का आवाज? न्हाई ना.

आता तोंड मिट आन बघू नको माझ्याकडं तशी. येतं मला. तुला काय एकटीलाच नाटक येतं व्हय? पयल्या का दुसऱ्या महिन्यापासनं येतंय. शिकिवणारं माणूस चांगलं होतं. आता ह्याच्यात तुझ्यासाठी काय काम ऱ्हायलं न्हाई, मी करतो महिन्याच्या महिन्याला, आन गंज यायचा न्हाई हिच्यावर, बंगलोरवरनं फोन करून इचारू नको. सणावाराला यायचं म्हणून बी येऊ नको. यावं वाटलं तर ये, पर पिशवी घेऊन येऊ नको, आन त्याला खाली उन्हात बसवू नको, वर आण, त्याला स्क्रू ड्रायव्हर आणायला पाठवीन.

पेढं? दे एक. ग्वाड हाय. कुठल्या दुकानातलं? बरंय. दुसरा नको, एक पुरं.

न्हाई, पाया पडू नको. मी म्हणलं न्हाई ना – बरं, पड. सुखी ऱ्हा. ऊठ आता. चप्पल घाल. सुमनताईच्या दाराशी थांब जरा, ती हाक मारंलच, न्हाई मारली तर तूच मार. जा. जा मिनल, त्यो हॉर्न वाजवत न्हाई म्हंजे चांगल्या घरचा हाय, पर तापली आसंल गाडी. आन दारातनं वळून बघू नको माझ्याकडं, खाली बघून उतर. जिन्याची शेवटची पायरी फुटकी हाय.